वळणाची माती

अच्युत पागे यांनी पहिल्याच भेटीत माझ्या सायकलची हवा सोडली. तीही न विचारता. मी हेल्मेटचा पट्टा बसवण्यात गुंतले होते. फुस्स आवाज आला म्हणून वळून पाहिलं, तर एक उंच, वाळकुडा, साठी ओलांडलेला माणूस माझ्या मागच्या चाकाशी उकिडवा बसलेला. बाजारात पपई दाबून बघतात तसा अंगठ्यानं टायर दाबून बघत होता.

"हे काय करून राहिले तुम्ही?" मी नागपूरची. संताप आला की माझी भाषा लगेच माहेरी जाते.

"एवढी हवा डांबरी रस्त्यावर ठीक आहे," तो माणूस शांतपणे म्हणाला. "इथं मुरूम आहे. टायर टणक असला की घसरतो. घसरला की तुम्ही घाबरून ब्रेक दाबाल, चाक जाम होईल आणि वाट सोलून निघेल. तुम्ही पडाल त्याचं मला काही नाही. वाट खराब नाही झाली पाहिजे."

'तुम्ही पडाल त्याचं मला काही नाही' हे वाक्य मी बरेच दिवस मनात ठेवलं. बँकेतली बदली घेऊन जबलपूरला आले होते, ओळखीचं कुत्रं नव्हतं, आणि रविवारी सकाळी डोंगरात सायकल चालवणारी काही मंडळी आहेत असं कळल्यावर मोठ्या हौसेनं गेले होते. आणि स्वागत हे असं. पण त्या दिवशी उतारावर माझी सायकल पहिल्यांदाच जमिनीला धरून चालली. हेही मला त्याच्यापाशी कबूल करायचं नव्हतं, म्हणून केलं नाही.

कुंडमच्या रस्त्यानं शहर मागे पडलं की डाव्या हाताला एक बुटका, खडकाळ डोंगर लागतो. पायथ्याशी इमलीटोला नावाची छोटी वस्ती. डोंगर गावाच्या चराईचा. गुरं, शेळ्या, सरपणाला जाणाऱ्या बाया यांच्या पायांनी पडलेल्या वाटा तिथे होत्याच, आमच्या सायकली त्यांवरून धावायच्या. एके ठिकाणी मात्र अच्युतकाकांनी स्वतःच्या हातांनी वेगळी वाट काढली होती, म्हणजे उतरणाऱ्या सायकली आणि चढणारी माणसं समोरासमोर येऊ नयेत. गावातल्या मोठ्यांना विचारून, झाड न तोडता, दोन हिवाळे घालवून.

त्यांच्या घराण्याला जबलपुरात येऊन किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. मराठ्यांच्या काळात कोणी पूर्वज सागरकडे घोड्यांच्या पागेवर होता, तिथून इकडे सरकला, आडनाव तेवढं मागे राहिलं. शहरातल्याच गोरखपूर भागात त्यांचं जुनं दोन मजली घर. नोकरी संरक्षण खात्याच्या कारखान्यात, टूलरूममध्ये, निवृत्तीपर्यंत. त्यामुळे दुसऱ्याच्या सायकलचा एक नट जरी ढिला असला तरी त्यांना तो आपल्या सायकलवर बसूनही ऐकू यायचा. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि राग आला की दोन्ही.

राग त्यांना पुष्कळ यायचा, विशेषतः वाटेवरचे त्यांचे नियम मोडले की. समोरून डोक्यावर मोळी घेतलेली बाई आली की सायकलवरून उतरायचं, उताराकडच्या बाजूला जाऊन उभं राहायचं, आणि ती पुढे गेल्याशिवाय पाय उचलायचा नाही. घंटी वाजवून तिला बाजूला हो म्हणायचं नाही, कारण मोळीखाली मान वळत नाही. गुरं दिसली तरी तेच. जनावर बिचकलं तर चढाकडे पळतं, म्हणून ती बाजू मोकळी सोडायची. आणि ओल्या वाटेवर चाक घालायचं नाही, म्हणजे नाही. एका चाकोरीतून पाणी वाहायला लागलं की पावसाळ्याअखेर तिथं नाला होतो. आमच्यातल्या वेदांगनं एकदा पावसाच्या सरीनंतर "काका, फक्त एक चक्कर" म्हणून सायकल काढली, तर काकांनी त्याचं पुढचं चाकच खोलून आपल्या गाडीत टाकलं. वेदांग तिशीतला, कंपनीचं काम घरून करणारा. मराठी त्याला समजतं सगळं, बोलताना मात्र हिंदीच पुढे येतं. तो बिचारा "सॉरी काका, अब नहीं करूँगा" म्हणत मागे मागे.

माणसांना आणि जनावरांना लांबूनच कळावं म्हणून पनागरच्या बाजारातून शेळीच्या गळ्यातल्या घंटा आणून त्यांनी आम्हा सगळ्यांच्या हँडलला बांधल्या होत्या. युक्ती चांगली. फक्त पहिल्याच रविवारी इमलीटोल्याच्या दोन शेळ्या कळप सोडून काकांच्या मागोमाग पार डांबरी रस्त्यापर्यंत आल्या. तेवढा एकच दिवस मी त्यांना ओशाळलेलं पाहिलं.

कुंदाकाकू, म्हणजे त्यांची बायको, कधी सायकलवर बसल्या नाहीत. शाळेत गणित शिकवलेल्या, गोऱ्या, ठेंगण्या, बोलायला फटकळ. सायकलला त्या सवत म्हणायच्या. तरी रविवारी यायच्या, आम्ही वर जायच्या आधी चालायला लागायच्या, आणि गुडघा कुरकुरला की निम्म्या डोंगरावर एका खडकावर बसायच्या. आम्ही त्या वळणावरून खाली येताना त्या प्रत्येकाला काहीतरी ऐकवायच्या. मला म्हणायच्या, "अवंतिका, तोंड मिट. किडे जातील."

फाल्गुनात त्या गेल्या. ताप आला, दवाखाना झाला, आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. मुलगी पुण्याहून आली, तेराव्यानंतर बाबांना घेऊन जाते म्हणाली. काका गेले नाहीत. दुसऱ्याच रविवारी ते डोंगरावर होते. मग रोजच असायला लागले. घरी फोन केला तर उचलत नसत, भेटायचं तर डोंगरावर जावं लागे. लोक म्हणाले, सावरला माणूस. मला तसं वाटलं नाही. सावरलेला माणूस जेवायला तरी घरी जातो.

उन्हाळाभर त्यांनी कुंदाकाकूंच्या खडकापाशी वळण बांधलं. साधं वळण नाही. बाहेरची कड मातीनं उंच करायची, ताटाच्या काठासारखी, म्हणजे सायकल तिला टेकून ब्रेक न दाबता वळते आणि वाट ओरबाडली जात नाही. अशा कडेला माती लागते ती हवी तशी मिळत नाही. बिनखड्याची, चिवट, ओल्या मुठीत दाबली की दाबाल तशी राहणारी. डोंगरभर मुरूम. काकांना अशी माती सापडली ती जुन्या कुसुमाच्या, आपल्याकडच्या कोशिंबाच्या, झाडाखाली एका उंचवट्यात. पिवळसर, मऊ, चाळून ठेवल्यासारखी. तिथे आधी कोणी थोडंथोडं खणल्याच्या खुणा होत्या. काका म्हणाले, घरं सारवायला नेत असतील. मग आम्ही नेली. थोडीथोडी नाही, सगळा उंचवटा. घमेल्यानं वाहिली, पाणी मारून चोपली, आणि वळण असं झालं की वेदांगनं फोनमधल्या नकाशावर त्याला हिंदीत नाव देऊन टाकलं, 'कुंदा मोड़', म्हणजे कुंदा वळण. त्या वळणावरून ते पहिल्यांदा खाली आले तेव्हा खडकाकडे बघून त्यांनी तोंड मिटलेलं मी पाहिलं.

पावसाळा लागला, सायकली बंद झाल्या. तरी श्रावणात एका सकाळी काका मला म्हणाले, चल, पायी जाऊन पाणी कुठून वाहून राहिलं ते बघू. वर गेलो तर कुसुमाखाली दहाबारा बाया उभ्या. हातात टोपल्या, खुरपी. येताना गाणं ऐकू येत होतं, ते थांबलेलं. त्या आमच्या खड्ड्याकडे बघत होत्या. खड्ड्यात गढूळ पाणी साचलं होतं.

"क्या हुआ, बाई?" काकांनी विचारलं.

"माटी लेने आए थे भैया, कजलिया की," त्यांच्यातली फूलबाई म्हणाली. आम्ही तिला ओळखत होतो. मोळी घेऊन येताना आम्ही उतरून उभे राहिलो की ती हसायची. "यहीं से लेते हैं। हमारी सास भी यहीं से लेती थी। इस बार कोई सब खोद ले गया।"

जबलपुरात राखीच्या दुसऱ्या दिवशी कजलिया असतात. त्याआधी बायका गाणी म्हणत ठरलेल्या जागेवरून माती आणतात, पळसाच्या द्रोणांत भरतात, तीत गहू पेरून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात. लांब, पिवळे कोंब येतात. त्या दिवशी तळ्यावर माती धुऊन ते कोंब एकमेकांना द्यायचे, कानावर खोचायचे, वर्षाचा रुसवाफुगवा सोडायचा. आणि ज्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलं असेल, त्या घरी सगळ्यांनी कजलिया घेऊन जायचं. शहरातही हे चालतं. पाग्यांच्या गोरखपूरच्या घरीही शेजारून दरवर्षी कजलिया येत आल्या होत्या.

काका गोरेमोरे झाले. लपवणं त्यांच्या स्वभावात नाही. "हमने ली है," ते म्हणाले, आणि बायांना घेऊन वळणापाशी गेले. "ये रही आपकी माटी। ले जाइए।"

बायांनी वळणाकडे पाहिलं. पावसातही ते शाबूत होतं, वर चाकांच्या पुसट रेघा होत्या. फूलबाई वाकली, बोट लावलं, आणि मागे सरली.

"इस पर जूता चला है, भैया। पहिया चला है। इसमें नहीं बोते।" मग तिलाच काकांची दया आली असावी. "कोई बात नहीं। आपको थोड़ी मालूम था। खेत की मेड़ से ले लेंगे। बस, इस साल अंजनी जीजी के घर देनी थी। जेठजी नहीं रहे न, बैसाख में। जीजी तो निकलेगी नहीं, सारा टोला उसके यहाँ जाएगा। अच्छी कजलिया हो जाती तो अच्छा था।"

अंजनी म्हणजे फूलबाईची थोरली जाऊ. एकीनंही आवाज चढवला नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं. त्या रांगेनं खाली उतरल्या. गाणं काही त्यांनी पुन्हा सुरू केलं नाही.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, खड्डा भरावा लागेल. "भरू," ते म्हणाले. "दुसरीकडून माती आणून भरू."

"आणि वळण?"

"वळण कशाला? ऐकलं नाही का तू? ती माती आता त्यांच्या कामाची नाही. मोडून कोणाचं भलं होणार आहे? त्यांना मिळणार नाही, आपल्याकडेही राहणार नाही." मग एकदम चिडून, "तिच्या नावाचं एक काही राहून राहिलं, ते पण मोडू काहून?"

हिशेबानं त्यांचं बरोबर होतं. वेदांगलाही तसंच वाटलं. "काका, मोड़ रहने दो," तो फोनवर म्हणाला. सगळ्यांचं एकमत होतं, आणि सगळ्यांनाच ते टोचत होतं.

दोन दिवसांनी सकाळीच काकांचा फोन आला. फावडं आणि घमेली घेऊन ये म्हणाले. मी बँकेत रजेचा निरोप टाकला आणि गेले. वेदांग आधीच पोचला होता. काका वळणाशी उभे होते, सुरुवात केली नव्हती.

"कुंदानं एकदा विचारलं होतं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "समोरच्या शर्मीण बाई कजलिया देऊन गेल्या, कुंदानं देवापुढे ठेवल्या आणि मला विचारलं, अहो, ही माती कुठची आणतात हो? मी पेपर वाचून राहिलो होतो. म्हटलं, असेल कुठची तरी. इतक्या पिढ्या झाल्या आपल्याला या गावात. कोणी दारात आणून दिलं की घ्यायचं, एवढंच केलं. तिनं तर विचारलं होतं." मग म्हणाले, "तिच्या नावानं दुसऱ्याच्या अंगणातलं उचललेलं ठेवलं, तर ती मला काय ऐकवेल, तुला माहीत आहे."

आणि त्यांनी पहिला घाव घातला.

बांधताना उन्हाळा होता, मोडताना चिखल. ओली माती फावड्याला चिकटायची, घमेलं शिशाचं वाटायचं. काका कोणाला कड मोडू देईनात. आम्ही नुसती वाहायची, खणायचं त्यांनी. खडकाजवळचा शेवटचा भाग आला तेव्हा ते थांबले, बसले, आणि तोंड झाकून रडले. फाल्गुनापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. वेदांग आणि मी तसेच घमेली घेऊन उभे राहिलो, पावसात, मूर्खासारखे. मग त्यांनी उठून तोही भाग मोडला. कुसुमाखाली उंचवटा पुन्हा झाला, ओबडधोबड, पण झाला. वेदांगनं फोनमधून नाव पुसलं. फूलबाई वाटेनं जाताना बघून गेली. आता होईल का पूर्वीसारखी, असं काकांनी विचारलं, तर म्हणाली, "एक-दो बरसात लगेगी। फिर देखेंगे।"

राखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात हजर. अंगात पांढरा सदरा. "अंजनीबाईच्या घरी जायचं," ते म्हणाले. "आपल्यामुळं तिच्या घरच्या कजलिया बिघडल्या. तोंड दाखवलं पाहिजे."

इमलीटोल्यात अंजनीच्या ओसरीवर माणसं येत होती, थोडं बसत होती, उठत होती. दारातच फूलबाईनं काकांच्या हातात कोंबांची जुडी दिली. बांधावरच्या मातीत कजलिया बोटभरच आल्या होत्या, विरळ, काही हिरवटलेल्या. अंजनी भिंतीला टेकून बसलेली. पन्नाशीची, सावळी, डोळे कोरडे. काकांनी कोंब तिच्या पुढे धरले. तिनं घेतले, त्यातले दोन परत त्यांच्या हातात ठेवले. इथली रीतच ती.

"आपने ही तोड़ा न वो मोड़?" तिनं विचारलं. "फूलबाई कह रही थी, बहुत अच्छा बना था। इतनी मेहनत का था, दुख नहीं हुआ?"

"हुआ," काका म्हणाले. "पत्नी के नाम का था।"

"कहाँ हैं वो?"

"नहीं रहीं। फागुन में।"

अंजनी ताठ बसली. "इसी फागुन में?"

काकांनी मान हलवली.

"तो आप यहाँ क्या कर रहे हैं?" तिचा आवाज चढला. एवढ्या दिवसांत त्या वस्तीतला आमच्यावर चढलेला तो पहिला आवाज. "आज के दिन आप घर से निकले कैसे? मैं बैठी हूँ न घर में? आपको भी बैठना था। लोग आए होंगे आपके यहाँ कजलिया लेकर, ताला देखकर लौट गए होंगे। आप बताते तो ये सारा टोला आता।"

काका खाली बघत राहिले. लोक येणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणूनच सकाळी घराला कुलूप लावून ते माझ्या दारात आले होते. हे मला त्या क्षणी कळलं, आणि तिला माझ्या आधी कळलं होतं.

"घर जाइए," ती आता हळू आवाजात म्हणाली. "दरवाज़ा खोलिए और बैठिए। फूलबाई, तू साथ जा, मैं तो जा नहीं सकती। मेरी तरफ़ से देकर आ।"

गाडीत फूलबाईच्या मांडीवर पळसाच्या पानात तेच खुरटे कोंब. गोरखपूरच्या घरापाशी पोचलो तर कुलपाच्या कडीत कोणीतरी कजलिया खोचून गेलेलं, आणखी कोणी पायरीवर ठेवलेल्या. काकांनी कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या. आत महिन्यांचा कोंदट वास. भिंतीवर कुंदाकाकूंचा फोटो, त्यावरचा हार वाळून काळा पडलेला. त्यांनी सतरंजी अंथरली आणि भिंतीशी बसले, दाराकडे तोंड करून. समोरच्या शर्मीण बाईंनी उघडं दार पाहिलं आणि आत गेल्या, बहुधा कजलिया आणायला.

फूलबाई सतरंजीच्या कडेला बसली. पान उघडून कोंब तिनं काकांच्या ओंजळीत ठेवले. मग मान वर करून तिनं फोटोकडे पाहिलं.

"कैसी थीं दीदी?" तिनं विचारलं.

तेराव्याला लोक काय झालं होतं, कुठला दवाखाना, डॉक्टर काय म्हणाले हे विचारून गेले होते. हे कोणीच विचारलं नव्हतं. काकांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले, आणि ते सांगायला लागले.